संदर्भ द्या

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. संघटनेत नाही, घरी नाही. पत्रकं लिहिण्यात आमच्याकडे माझा हात धरणारं कोणी नाही — "जाब द्या", "उत्तर द्या" ही माझी रोजची भाषा. पण जाब मलाच विचारावा असं एक वाक्य मी लिहून ठेवलंय. ते अजून जागेवर आहे.

कोणीही भर घालू शकतं अशा त्या ऑनलाइन ज्ञानकोशात आमच्या भागातल्या एका जुन्या टोळीवर चार ओळींचा लेख होता. इंग्रज अमदानीतली टोळी. "क्रूर दरोडेखोर" — साहेबाच्या रिपोर्टातले शब्द जसेच्या तसे. माझं डोकंच फिरलं. या माणसांना जंगलातून हुसकलं कोणी, हे नको का लिहायला? वर्षभर मी तो लेख वाढवला. जुने कागद शोधले, नकाशा घातला, गावं जोडली. त्यातलं बहुतेक खरं आहे. हे बचाव म्हणून सांगत नाही — खऱ्याच्या गर्दीत खोटं किती आरामात बसतं, म्हणून सांगतेय.

टोळी पकडली गेली कशी, हे मात्र कुठेच नव्हतं. आणि मला गद्दार हवा होता. गद्दाराशिवाय पत्रक पेटतं का? जुन्या दप्तरात पंचनाम्याचं एक पान सापडलं. खाली दोन पंच, दोन अंगठे. दुसऱ्या पंचाचं नाव-गाव स्पष्ट होतं. पोलिसांच्या कागदावर अंगठा, म्हणजे पोलिसांचा माणूस — बस्स, एवढाच माझा विचार. मोर्च्यात वाटायला आम्ही एक पुस्तिका काढत होतो, तिच्यात मी लिहिलं: यानेच टोळीचा ठावठिकाणा सांगितला. पुस्तिकेवर माझं नाव नव्हतं, संघटनेचं होतं. मग तेच वाक्य लेखात घातलं आणि खाली संदर्भ दिला — तीच पुस्तिका. कळतंय ना? माझ्याच वाक्याला माझाच पुरावा.

लेख ज्ञानकोशाच्या मुखपृष्ठावर झळकला. मी पेढे वाटले.

मग लेखाच्या चर्चापानावर कोणीतरी लिहिलं: तो पंच माझा आजा होता, खबरी नव्हता. मी दोन शब्दांत उत्तर दिलं — "संदर्भ द्या."

पंधरा दिवसांनी ते स्वतःच कोराडीहून बसनं सदर भागातल्या आमच्या ऑफिसात आले. रामभाऊ. वीज केंद्रातून रिटायर झालेले फिटर. चर्चापानावरचं लिखाण नातीकडून करवून घेतलेलं. इस्त्रीचा शर्ट, हात रिकामे. आमचा विलास दारातूनच ओरडला, "खबऱ्याचं खानदान आलं गा!" मी हसले. हो, हसलेच.

ते तरीही बसले. "पोरी, संदर्भ म्हंजे काय वं? मीच आहो ना. माह्या आज्यानं कोणाले धरून नाही देल्लं. जल्मभर लंगडत चालला तो. काहून लंगडला, पुसलं का कोणी? आता माह्या नातीले शाळेत पोट्ट्या खबऱ्याची म्हणून राहिल्या. पोरगी शाळेतच जाऊन नाही राहिली."

मी म्हणाले, "काका, आठवण म्हणजे पुरावा नाही. छापील काही असेल तर आणा."

आता ते सांगते, जे सांगायला इतका वेळ लावला. त्यांचं चर्चापानावरचं लिखाण मला खुपलं होतं. म्हणून आदल्याच आठवड्यात पुन्हा जाऊन मी त्या पंचनाम्याच्या मागच्या पानाचा फोटो काढून आणला होता — जे पान पहिल्यांदा मी उलटलंच नव्हतं. त्यावर होतं की हा माणूस ठावठिकाणा सांगत नाही म्हणून त्याला तीन दिवस ठाण्यात ठेवलं. टोळीचा पत्ता दुसरीकडूनच लागला. मग त्यालाच पंच म्हणून उभं करून अंगठा घेतला. तीन दिवस. लंगडणं तिथून आलं असेल का? रामभाऊ बोलत होते तेव्हा माझा फोन आमच्या दोघांच्या मधे, टेबलावर पालथा पडलेला होता. मी तो उचलला नाही.

का? मुखपृष्ठावरचा मान जाईल. विलाससमोर तोंडावर पडेन. पुस्तिका मोर्च्यात वाटून झालीय. यातलं एक तरी कारण त्या पोरीसमोर उच्चारता येईल का?

"बरं," म्हणाले रामभाऊ. पाण्याचा ग्लास तसाच ठेवून गेले.

यंदा मी ते वाक्य गुपचूप काढलं. तासाभरात दुसऱ्या एका संपादकानं ते परत घातलं आणि मला बजावलं: संदर्भ असलेला मजकूर काढू नका, चूक असेल तर संदर्भ द्या. उत्तर एकच होतं — पुस्तिका माझी, वाक्य मी रचलेलं. मी लॉगआउट झाले. आता ते वाक्य आणखी कुठेकुठे उतरवून घेतलंय. मी मोजणं सोडलं.

चर्चापानावर माझ्या दोन शब्दांखाली त्यांचं शेवटचं उत्तर आहे. ऑफिसातून गेले त्याच संध्याकाळचं, नातीनं टाईप केलेलं:

"आमच्याकडे छापील काही नाही."

फोटो माझ्या फोनमध्ये आहे.