दादाच्या किडनीबद्दल मी बोललो ते

बायकोलासुद्धा हे कधी बोललो नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते माझं मलाच नीट ठाऊक नाही.

माझा थोरला भाऊ, दादा, आमच्या गावी, साखऱ्यात, शेती करायचा. जन्मात दारूला शिवला नाही. नव्वद-ब्याण्णवच्या सुमाराला त्याच्या लघवीतून रक्त जायला लागलं. औरंगाबादला दाखवलं, तर एका किडनीत गाठ निघाली. हृदय कमजोर, ऑपरेशन झेपणार नव्हतं. मग डॉक्टरांनी मांडीतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी किडनीपर्यंत नेली आणि तिच्यातून अल्कोहोल — दारूत असतं तेच — सोडलं. किडनीचा रक्तपुरवठा बंद पडला, रक्त जाणं थांबलं. सोबत मी एकटाच होतो. सगळं समजावलं ते मलाच. दादाला मी एवढंच सांगितलं — इंजेक्शन दिलंय.

गावात मात्र कुजबुज सुरू झाली की त्याची किडनी दारूनं गेली. कुठून उठली ती? माझ्याच अर्धवट सांगण्यातून असेल. दादाच्या तोंडावर कुणी बोललं नाही. इथवर चूक म्हणता येईल. पुढचं — नाही.

दादाच्या मुलीला, सुमनला, आमच्याच भागातल्या गोरेगावचं स्थळ आलं. मुलगा मास्तर. त्याच्या वडिलांनी मला जीपच्या अड्ड्यावर बाजूला घेतलं आणि भावाच्या दारूचं खरं काय, ते विचारलं. माझीही मुलगी, वंदना, लग्नाची होती. तेव्हा हे माझ्या मनात होतं का? होतं.

"किडनी दारूनंच बंद पडली, व्हय," मी म्हणालो.

शब्द खरा होता. म्हणूनच निवडला होता.

स्थळ मोडलं. पुढं त्याच लोकांनी वंदनाला मागणी घातली. त्या लग्नात दादा दिवसभर राबला. व्याही त्याच्याशेजारी बसले नाहीत. पाहुणे गेले, मांडवात आम्ही दोघंच उरलो, तेव्हा त्यानं विचारलं, "आपल्या सुमीचं काहून मोडलं असंल रे?"

"नशीब," मी म्हणालो.

सुमनला लांब, बिजवराला द्यावं लागलं. अजूनही भेटली की वाकून पाया पडते — आणि मी पडू देतो.

दादा गेला. किडनी कशानं बंद पडली, ते घरात ठाऊक असलेला मी एकटाच. वंदनाच्या सासरी गेलो की व्याही त्याचा विषय काढतात. माणूस चांगला होता, म्हणतात, पण दारूनं खाल्ला. मी होय म्हणून मान हलवतो. मागच्या महिन्यातही हलवली.