भिंतीवरची कोपी

आमच्या साडूइतका रंगानं माखलेला आणि व्यवहाराला कोरा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. चित्रकलेचा मास्तर. एका जागी उभी राहिलेली वस्तू दिसली की या गृहस्थाच्या हाताला खाज सुटते. नेकनूरला मेव्हणीच्या लग्नात यानं भल्या सकाळी पाण्याच्या टाकीवर मोर काढला. नवरदेवाचे वडील त्या टाकीला टेकले आणि अर्धा मोर पाठीवर घेऊन दिवसभर मांडवात मिरवले. सासरे संतापले, तर हा म्हणतो, "मामा, हालतोय म्हणून जिता वाटतोय की!"

याची शाळा धारूरच्या डोंगराकडेला. दिवाळी झाली की निम्मी पोरं आईबापांच्या मागं ऊसतोडीला कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्यात कानडी बोलत परततात. इथं त्यांना 'कानडी' म्हणून चिडवतात, तिकडं 'बीडवाले' म्हणून. आमच्या साडूनं त्यांच्याकडून मन लावून फक्त कानडी शिव्या शिकून घेतल्या. हेडमास्तरांना रोज सकाळी हसून एक देतो, आणि ते बिचारे उलट नमस्कार करतात!

गेल्या जूनमध्ये यानं शाळेची पिवळी भिंतच पोरांच्या ताब्यात दिली. "आपापलं घर काढा रे."

तिसरीतली सखू म्हणाली, "गुरुजी, कोणचं? हितलं का तितलं?"

"दोन्ही काढ की! भिंत काय माझ्या बापाची हाय?"

सखूनं एकीकडं गावातलं पत्र्याचं घर काढलं, दुसरीकडं ऊसतोडीवरची कोपी, म्हणजे उसाच्या पाचटाची झोपडी. दुसऱ्या दिवशी तिचा बाप चुन्याची बादली घेऊनच हजर!

"गुरुजी, गावात इज्जत हाय आमची. कोपी कावून काढू दिली? आत्ता पुसतो."

आमचा साडू एरवी भांडायला एका पायावर तयार. पण त्या दिवशी मुकाट बाजूला सरला. "पुस बाबा. पोरीला इचार आन् पुस."

बापानं चुन्यात कुंचा बुडवला आणि थबकला. कोपीच्या दारात, कडेवर भावाला घेतलेली एक चिमुरडी एकटीच उभी होती.

"आमी कुठं हाव गं यात?" त्यानं शेजारी उभ्या सखूला विचारलं.

"तुमी ऊस तोडाया फडात गेलते," सखू म्हणाली. "लई अंधार व्हता तवा."

बापानं त्याच कुंच्यानं पोरीच्या दोन्ही बाजूंना दोन वाकडीतिकडी पांढरी माणसं काढली, कोपीपेक्षाही उंच.

दिवाळी झाली आणि सखूसकट सगळं घर पुन्हा उसाला गेलं. परवा मी ती भिंत बघून आलो. तिकडं फडात काय चाललं असेल देव जाणे, इथं मात्र चौघं एका दारात उभी आहेत.