बाबा झोपेत उत्तरं सांगायचे... पण मला नाही

आधीच सांगून टाकते. भुतंखेतं, करणी, अंगात येणं, यातल्या कशावरच माझा विश्वास नव्हता, आणि आजही फारसा नाही. इथे लोकांचे पिंपळाचे, सुनसान रस्त्यावरच्या बाईचे अनुभव वाचून मी बऱ्याचदा हसले आहे, सॉरी! माझ्या अनुभवात पिंपळही नाही आणि पांढरी साडीही नाही. भर दुपार आहे, बारावीचं गणित आहे आणि घोरणारे माझे बाबा आहेत. हसायचं तर खुशाल हसा.

आम्ही भिलाईचे. सेक्टर ६ मध्ये कंपनीचं दोन खोल्यांचं क्वार्टर, पुढे व्हरांडा, मागे अंगण आणि त्यात आईचं शेवग्याचं झाड. बाबा मूळचे गोंदियाकडचे, आयटीआय करून इकडे आले आणि स्टील प्लांटमध्ये फिटर म्हणून लागले. शाळेत मी हिंदी बोलायचे, घरात मराठी, आणि भांडताना दोन्ही.

आत्याला जवळच्याच उतई गावात दिलेली. तिची मुलगी भूमिका माझ्याच वयाची. तिच्याकडच्या शाळेत गणित विषय नव्हता म्हणून अकरावीपासून ती आमच्याकडे राहायला आली. बॅग घेऊन दारात उभी राहिली, आणि बाबा वाकून तिच्या पाया पडले! ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी – छत्तीसगडात भाचा-भाची म्हणजे देव. मामा वयाने कितीही मोठा असो, भाचीच्या पाया पडतो, तिला उष्टं देत नाही, तिच्याकडून काम करून घेत नाही. आमच्यासारख्या मराठी घरांनीही ही रीत उचललेली. तेव्हा पहिली गरम पोळी भूमिकाला, खिडकीजवळची खाट भूमिकाला, आणि भांडी कोणाला? ओळखा बरं.

मला ती आवडत नव्हती असं नाही. चांगली होती बिचारी, हळू बोलायची, कधी काही मागायची नाही. त्यामुळे तर जास्तच राग यायचा, कारण भांडायला काही निमित्तच नाही.

बाबांची नाइट शिफ्ट असली की ते सकाळी येऊन, जेवून झोपायचे. त्या आठवड्यात आमचं घर म्हणजे स्मशान. आई कुकर लावायची नाही, भात साध्या पातेल्यात. दारावरची बेल बंद. सायकल अंगणातून उचलून न्यायची, चेन वाजता कामा नये. नाइटवाल्या माणसाला उठवणं हे आमच्या सेक्टरमध्ये मोठं पाप, आणि बरोबरच आहे ते, झोप न झालेला माणूस मिलमध्ये उभा राहणार कसा? त्यामुळे पाठांतराचे विषय त्या आठवड्यात बंद. फक्त गणित करायचं, कारण गणिताला आवाज नसतो. घरात टेबल एकच, तेही बाबांच्या खाटेच्या पायथ्याशी. टेबलाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला भूमिका.

बारावीची प्रीबोर्ड संपली होती, बोर्डाची तयारी चालू होती. भूमिका एक इंटिग्रेशन करत होती. साइन एक्स भागिले साइन एक्स अधिक कॉस एक्स, शून्यापासून पाय बाय टू पर्यंत. तिने उत्तर लिहिलं पाय बाय टू. मी तिरक्या नजरेने पाहत होतेच. शेवटी दोनने भागायचं ती विसरली होती. मला कळलं होतं, पण मी कशाला सांगू?

इतक्यात रजईतून आवाज आला, "पाय बाय फोर."

बाबांचाच आवाज. जड, झोपेतला, पण शब्द एकदम साफ. आम्ही दोघी वळलो. बाबा भिंतीकडे तोंड करून गाढ झोपलेले, आणि पुढच्या क्षणी घोरायला लागले.

भूमिकाने निमूटपणे उत्तर खोडलं, पाय बाय फोर लिहिलं आणि पुढचं गणित घेतलं.

मी तिला ओढत अंगणात नेलं. "हे काय होतं?"

"मामा झोपेत बोलते ना," ती म्हणाली, जसं काही त्यात विशेष नाही. "मांगच्या नाइटलेही बोलले होते. मले वाटलं, तुलेही सांगत असतील."

मलाही सांगत असतील! माझ्या अंगावर काटा वगैरे आला नाही, मी खोटं लिहिणार नाही. माझा जळफळाट झाला. माझे बाबा, माझं घर, आणि सांगतात कोणाला?

तुम्ही म्हणाल योगायोग. मीही तेच म्हटलं. बाबा आयटीआयवाले, तिथे थोडंफार गणित असतं, कधीतरी पाय ऐकला असेल. मग मी माझ्या परीने तपासायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी आम्ही जागा बदलल्या. बाबा तिच्याशीच बोलले, "माइनस राहिलं." तिचं खरंच माइनस राहिलं होतं. मग तिचंच गणित मी माझ्या कागदावर उतरवलं आणि मुद्दाम तीच चूक केली. बाबा घोरत राहिले.

त्या दिवशी आम्ही स्टॅटिस्टिक्स करत होतो, प्रॉबॅबिलिटीचं टेबल देऊन मीन आणि व्हेरिअन्स काढा. माझं व्हेरिअन्स निगेटिव्ह आलं. आता व्हेरिअन्स कधी निगेटिव्ह येतच नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी ते मोठ्या अक्षरात लिहिलं, कागद बाबांच्या तोंडासमोर धरला, वाट पाहिली... काही नाही. तिकडे भूमिका मीनचा वर्ग वजा करायला विसरली, तर बाबांनी लगेच कूस बदलली आणि म्हणाले, "वजा कर."

मग मी शेवटची ट्रिक केली. भूमिकाला म्हटलं, तू स्वयंपाकघरात जाऊन बस, कोणतं गणित करणार ते मला सांगू नकोस. मधलं दार लावलं. मी खाटेजवळ बसले. बराच वेळ नुसतं घोरणं. मग बाबा म्हणाले, "सोळा बाय तीन."

मी पळत स्वयंपाकघरात गेले. भूमिका ओट्याशी उभी राहून दोन पॅराबोलांच्या मधलं क्षेत्रफळ काढत होती. बत्तीस बाय तीनवर थांबून पेनचं टोपण चावत होती, दुसरा भाग वजा करायचा राहिला होता. तो वजा केला की उत्तर येतं सोळा बाय तीन. मी पुस्तकाच्या मागचं उत्तरांचं पान उघडून खात्री करून घेतली. बंद दारापलीकडून आवाज तिला ऐकूही गेला नव्हता.

खरं तर तेव्हा मला भीती वाटायला हवी होती. आई शेवग्याच्या शेंगा सोलत बसली होती, तिला मी सगळं सांगितलं. ती घाबरली नाही, शेंग खाली ठेवून हात जोडले फक्त.

"भाची आहे ना ते," आई म्हणाली. "भाचीचं मामाले झोपेतही पाहा लागते."

"आन पोरीचं?" मी विचारलं. "पोरीचं कोन पाहीन?"

"तुले काय कमी आहे वं?" आई म्हणाली आणि पुन्हा शेंग उचलली. "त्याहिले सांगू नको मात्र. उगाच झोप उडीन त्यांची."

काय कमी आहे! मी रात्रंदिवस घासत होते, आणि तिला घरबसल्या चुका दाखवणारा मिळाला होता, तोही माझा बाप. मला वाटायचं, बोर्डाच्या हॉलमध्ये कोण सांगणार हिला? तिथे मामा थोडेच झोपायला येणार आहेत? हा एकच विचार करून मला बरं वाटायचं.

गणिताचा पेपर आला त्या आठवड्यात बाबांची नेमकी नाइट. आम्ही दोघी निघालो तेव्हा ते नुकतेच येऊन आडवे झाले होते. पेपर बरा गेला. घरी आलो तर आई दारातच उभी. म्हणाली, आज हे सकाळपासून बडबडून राहिले, थांबतच नाहीत, आकडेच आकडे, लॉग काय अन् रूट काय. आईला त्यातला एकच नीट आठवत होता, कारण ते तो दोनदा म्हणाले होते – "लॉग दोन." मोठ्या मार्कांच्या एका गणिताचं उत्तर लॉग टू होतं. माझं चुकलं होतं. भूमिकाचं बरोबर होतं.

"तुला ऐकू आलं का काही?" मी तिला विचारलं, दंडच धरला तिचा.

"नाही गं, खरंच," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "मले आपोआप आलं. मी काहीच नाही केलं, सोनल."

मला तिच्यावर विश्वास आहे. तेव्हाही होता. पण तो पेपर माझाही होता ना! एकाच घरातून दोघी गेलो होतो, एकाच डब्यातलं दही-साखर खाऊन. निकालात तिला नव्वदच्या वर मिळाले, मला सत्तरच्या आसपास. बाबांनी पेढे आणले, पहिला तिच्या हातावर ठेवला, आणि पुन्हा वाकून तिच्या पाया पडले.

त्यानंतर ती रायपूरला शिकायला गेली आणि बाबांचं झोपेतलं बोलणं थांबलं. पुढे मी एका डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, माणसं झोपेत बोलतात, आपण त्याला अर्थ लावतो. मग मी त्यांना सोळा बाय तीनचं सांगितलं. ते म्हणाले, आणखी काही त्रास? बंद दारापलीकडचं गणित झोपलेल्या माणसाला दिसलं कसं, आणि दिसायचंच होतं तर माझं का नाही, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. कोणाला काही सुचत असेल तर कमेंटमध्ये लिहा. फक्त "भाची पुण्यवान असेल" असं लिहू नका, ते मी पुष्कळ ऐकलंय.

खरं तर अनुभव इथेच संपतो. पण एक दुपार राहिली. पेपरच्या आधीची. तिच्यात अमानवीय असं काही नाही, तरी लिहिते.

भूमिका दोन दिवस उतईला गेली होती, आत्याला बरं नव्हतं. आई बाजारात. घरात मी आणि झोपलेले बाबा. मला वाटलं, आज मैदान मोकळं आहे, आज तरी मला सांगतील. मी टेबल खाटेला चिकटवलं आणि एकामागून एक गणितं केली. चुकीची केली, मुद्दाम. मग मुद्दाम न करताही चुकायला लागली. बाबांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. शेवटी कागद ओला व्हायला लागला, तेव्हा मी पेन आपटलं आणि जे आमच्या घरात कधी कोणी केलं नव्हतं ते केलं. नाइटवाल्या माणसाला खांद्याला धरून गदागदा हलवलं.

बाबा ताडकन उठून बसले. डोळे लाल. "काय झालं? आई कुठे आहे?"

"काही नाही झालं!" मी ओरडले. "तुम्ही तिले सारं सांगता, मले एकही नाही. कावून? मी तुमची कोनीच नाही का?"

त्यांना काहीच कळेना. मग मी सगळं सांगितलं, आईने नको म्हटलेलं असूनही. पाय बाय फोर, माइनस, सोळा बाय तीन, सगळं. मला वाटलं, ओरडतील किंवा हसतील. ते माझ्या कागदाकडे पाहत राहिले. इंटिग्रेशनच्या खुणेवर बोट ठेवून म्हणाले, "हा साप कायचा आहे?"

मी बाहीने नाक पुसलं.

"मले यातलं काहीच नाही समजत, बाई," ते म्हणाले. "मी झोपीत काय बोलतो, मले काय माहीत?" मग जरा विचार करून त्यांनी रजई ओढली, पुन्हा आडवे झाले आणि डोळे घट्ट मिटले. "थांब. आता पाहू. तू गणित कर. मी सांगतो."

"असं नसते, बाबा."

"कर ना तू."

मी समोरचं गणित घेतलं. एक्स गुणिले ई चा एक्सवा घात, शून्यापासून एकपर्यंत. उत्तर एक येतं. बाबा डोळे मिटून पडले होते, झोप यावी म्हणून श्वास लांब लांब घेत होते. कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

"पाच?" ते म्हणाले.

"नाही."

"बोलू नको, झोपून राहिलो ना मी." बाहेर कोणाची तरी स्कूटर गेली. मग ते हळूच म्हणाले, "साडेतीन?"

"हो," मी म्हटलं. "बरोबर आहे, बाबा."

"पाहिलं? आलं ना?" ते डोळे न उघडताच हसले. बघता बघता त्यांना खरी झोप लागली, रात्रभर उभं राहिलेल्या माणसाची.

मी उत्तराच्या जागी साडेतीन लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.