पाण्यावर शिदोरी सोडायची नाही

सांगलीत नदीवर एक बोट सुरू झाली आहे. संध्याकाळी माणसं तिच्यात बसतात, वरच्या अंगाला जाऊन नदी बघतात, बोटीतच जेवतात आणि परत येतात. नातीनं मला हे फोनवर सांगितलं तेव्हा मी साताऱ्यात मुलाच्या घरी मेथी निवडत बसले होते.

मी म्हटलं, "घरात ताट-वाटी न्हाई काय तुमच्या? नदीत कशाला जेवाय जायाचं?"

"अगं आज्जी, गंमत असते. तू ये तर."

"कुठवर जातीया ती बोट?"

तिनं नवऱ्याला विचारलं. तो मागून ओरडला, "लांब जाते म्हणावं! पार आज्जींच्या माहेरापर्यंत!"

मी मेथी बाजूला सारली आणि म्हटलं, "येती."

माझं माहेर सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णेच्या काठावर. सासर त्याच्या समोर, पलीकडच्या काठावर. मधे नुसती नदी. तेव्हा पूल नव्हता, नाव होती. माहेरच्या घाटावरून नावेत बसायचं आणि समोर उतरायचं. पाव तासाचं काम. पण त्या पाव तासासाठी आईचा एक नियम होता. मी सासरी निघाले की ती फडक्यात शिदोरी बांधून द्यायची आणि दर वेळी सांगायची, "पाण्यावर सोडू नगंस. भुईला पाय लागला की सोड."

पाण्यावर जेवायचं नाही, असं आमच्याकडं होतं. का, ते मी विचारलं नाही. पलीकडं उतरलं की दगडावर बसायचं, शिदोरी सोडायची, दोन घास खायचे, उरलेलं पदरात घ्यायचं आणि मग ते रिकामं फडकं डोक्यावर धरून तीनदा हलवायचं. आई घाटाच्या पायऱ्यांवर उभी असायची. एवढ्या लांबून तिचा चेहरा दिसत नसे, नुसता लुगड्याचा रंग दिसे. फडकं हललं की तो रंग वळायचा आणि घराकडं चढायला लागायचा. पोचली, जेवली, एवढं तिला कळलं म्हणजे झालं.

एकदा मी फडकं हलवलं नाही.

लग्नाला तीन-चार वर्षं झाली असतील. दिवाळीला आठ दिवस राहायचं ठरलं होतं. भाऊबीजेच्या दुसऱ्याच दिवशी दीर न्यायला आला. म्हणाला, जोंधळ्यात तण माजलंय, भांगलण आलीय, बायका मिळत नाहीत, वहिनीला पाठवा. मी आईकडं बघितलं. मला वाटलं, ती म्हणेल, राहू द्या अजून दोन दिवस. ती उठली. आत गेली आणि दशम्या थापायला बसली. दशमी म्हणजे दुधात पीठ मळून केलेली भाकरी, प्रवासात ती वाळत नाही. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि चार करंज्या बांधल्या. मी म्हटलं, "तुज्या तोंडाला काय कुलूप लावलं हुतं?" ती म्हणाली, "माझ्या बोलण्यानं तुझं तिकडं अवघड हुईल." मला ते पटलं नाही. आज पटतं, पण आज पटून काय उपयोग?

पलीकडं उतरले आणि सरळ चालायला लागले. दीर म्हणाला, "वैनी, फडकं?"

"हात दुखत्यात माजं."

शिदोरी तशीच बांधलेली घरी गेली. सासूनं सोडली आणि करंज्या सगळ्यांत वाटल्या. मला एक आली. ती मी खाल्ली. रागानं भूक जात नाही.

पुढं कधीतरी भावानं सांगितलं. त्या दिवशी आई घाटावरून हललीच नाही. अंधार पडला तेव्हा वडील कंदील घेऊन तिला आणायला गेले. म्हणाले, "नाव कवाची परत आली. नावाडी घरी जाऊन जेवला बी. त्यानंच सांगितलं, लेक सुखरूप उतरली." आई म्हणाली, "उतरली आसंल. जेवली न्हाई."

पुढच्याच उन्हाळ्यात, मी परत माहेरी जायच्या आधी, पूल सुरू झाला. नावाड्यानं नाव काठावर पालथी घातली. मी एस.टी.नं यायला-जायला लागले. आई स्टँडवर सोडायला यायची, शिदोरी पिशवीत घालून द्यायची. पाण्यावर सोडू नको, हे म्हणायचं कारणच उरलं नाही. त्या संध्याकाळचं ती बोलली नाही आणि मीही काढलं नाही. आई पुढं पुष्कळ जगली. माझ्या मांडीवर गेली, त्यामुळं भेट राहिली असं काही नाही. राहिलं ते एवढंच, तीनदा फडकं हलवायचं.

घाट तर आता गेलाच म्हणायचा. मोठ्या पुरानंतर गाव वरच्या माळावर सरकलं. जुन्या जागी काठापर्यंत ऊस आहे आणि त्याच्या पुढं वेड्या बाभळी. भाच्यांना कितीदा म्हटलं, मला घाटावर न्या. ते म्हणतात, "आत्या, वाट ऱ्हायली न्हाई. आन् मगरी हायत्या." आमच्या माहेराचं तोंड नदीकडं होतं. आता सगळे डांबरी रस्त्यानं येतो, म्हणजे पाठीमागून आत शिरतो.

साताऱ्यातही हीच कृष्णा आहे. मुलगा-सून मला कधी नदीवर घेऊन जातात. मी पाण्याकडं बघते आणि मला वाटतं, हे पाणी अजून आमच्या घाटाला पोचायचं आहे. हे मी कुणाला सांगत नाही. सांगितलं तर म्हणतील, म्हातारीचं डोकं फिरलं.

म्हणून मी येते म्हटलं. जेवायला नाही आणि नदी बघायलाही नाही. बोट घाटासमोरून जाणार होती आणि मला पाण्यावरून तिथं एकदा फडकं हलवायचं होतं. पिशवीत जुन्या धोतराचं एक फडकं धुऊन, घडी करून ठेवलं.

बोट दुमजली होती. वर प्लास्टिकच्या खुर्च्या, भोवती रंगीत दिव्यांच्या माळा, आणि एक माइकवाला. चढताना सगळ्यांना नारंगी जाकिटं घातली. माझ्या जाकिटाचा पट्टा कुठून घ्यायचा ते तिथल्या माणसाला कळेना. मी म्हटलं, "नऊवारी हाय. पट्टा ऱ्हाऊ दे. बुडाले तर लुगड्याला धर." नात हसली. नातजावयानं माझा फोटो काढला.

पाचला बोट निघाली. थंडीचे दिवस होते, ऊन पिवळं झालं होतं. खाली बंधारा असल्यानं पाणी तुडुंब आणि संथ होतं. सांगलीचा घाट मागं पडला, पूल डोक्यावरून गेला, आणि मग दोन्ही काठांना ऊस आणि पाण्यात सोडलेले मोटारींचे पाइप. माइकवाला बोलतच होता. मगर दिसली तर हात बाहेर काढू नका, म्हणाला. आम्ही मगरींच्या शेजारी धुणी धुतली. त्याचं कुणी तिकीट काढलं नव्हतं.

मी वळणं मोजत होते. सांगलीपासून आमच्या घाटापर्यंत किती, ते मला नावाड्यानं लहानपणी सांगितलेलं. दुसरं वळण गेलं. तिसऱ्याला एक मोठा काळा खडक पाण्यात येतो, तो दिसला. म्हणजे पुढचं वळण आमचं. मी पिशवीत हात घालून फडकं धरून बसले. छातीत धडधडत होतं. या वयात धडधडलं की लोक गोळी देतात, म्हणून गप्प बसले.

तेवढ्यात माइकवाला ओरडला, "डाव्या हाताला, मगर, मगर!" सगळी बोट डावीकडं धावली. खालून कुणीतरी ओरडलं, "एका बाजूला येऊ नका, बोट कलती!" मगर वाळूवर पडली होती. ती एवढ्या माणसांकडं बघतही नव्हती. आणि मला दिसलं, की काठ फिरायला लागला आहे. म्हणजे बोट वळत होती.

मी उठले आणि बोट चालवणाऱ्याकडं गेले. पन्नाशीचा माणूस होता.

"मागं का फिरवलीस?"

"आज्जी, पडशीला. बसून घ्या."

"ह्या वळणाच्या पल्याड जायाचंय मला."

"पुढं गाळ हाय. पंखा आडकतोय."

"आमच्या येळंला हितनं नाव जायाची."

"लाकडाच्या नावंला पंखा नव्हता, आज्जी." मग त्यानं वळून माझ्याकडं बघितलं. "काय हाय पल्याड?"

"माझं माह्यार."

"मग रस्त्यानं जावा की. चांगला डांबरी झालाय."

"रस्त्यानं गाव दिसतंय. घाट दिसत न्हाई."

त्यानं इंजिन हळू केलं आणि बोटीचं तोंड पुन्हा वर घेतलं. "चार हात घेतो पुढं. त्याच्यावर न्हाई." बोट पुढं सरकली. मागं पाणी काळं व्हायला लागलं, बुडाखालून खरखर आली. त्यानं लगेच थांबवली. "झालं बगा, आज्जी."

मी बघितलं. बाभळी होत्या, ऊस होता, एका मोटारीची खोली होती. घाट त्यांच्या मागं असेल. नसेलही. मान लांब करून, डोळे बारीक करून बघितलं. पायरी दिसली नाही.

फडकं हातात होतं. तिथंच हलवावं, असं मनात आलं. कोण बघत होतं? सगळे मगरीत गुंतले होते. पण फडकं कोरं होतं, घडी घातलेलं. त्यात शिदोरी नव्हती आणि माझ्या पोटातही काही नव्हतं. न जेवता हलवलं तर ते आईला खोटंच सांगणं. ते फडकं मी परत पिशवीत घातलं आणि बोटवाल्याला म्हटलं, "फिरव बाबा."

परतीला दिवे लागले, गाणी लागली आणि जेवण मांडलं. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, मटण, वांग्याचं भरीत, आणखी नावं माहीत नसलेलं बरंच काही. नातजावयानं ताट भरून आणून दिलं.

"आज्जी, घ्या की. हवं तेवढं आहे."

"मी पाण्यावर जेवत न्हाई."

त्यानं नातीकडं बघितलं. नात म्हणाली, "आज्जी, जेवणासाठीच तर आलोय. उपास आहे का?"

"उपास न्हाई. उतरल्यावर जेवती."

मी मांडीवर फडकं पसरलं. ताटातल्या दोन भाकरी घेतल्या, त्यांवर भरीत, कडेला ठेचा, आणि गाठ मारली. नातजावई वाकून हळूच म्हणाला, "आज्जी, इथनं पार्सल नेऊ देत नाहीत."

"पार्सल कुठं हाय, जावईबापू? माझ्या ताटातलंच हाय. मी फकस्त येळानं खाणार."

वाढणारी बाई तिथंच उभी होती. ती म्हणाली, "न्हेऊ द्या हो. माझी सासू बी असंच करती." आणि वर कांदा ठेवून गेली.

आठच्या आत बोट सांगलीच्या घाटाला लागली. माणसं पोटावरून हात फिरवत उतरली आणि गाड्यांकडं गेली. नातजावई गाडी आणायला गेला. मी खालच्या पायरीवर बसले. पायाखाली दगड आहे, हे चपला काढून बघितलं. मग गाठ सोडली.

भाकरी गार झाली होती. पातळ आणि एकसारखी गोल, हातानं थापलेली वाटत नव्हती. ठेच्यात मीठ जास्त होतं. भरीत फडक्याला लागून तेल सुटलं होतं. नात शेजारी बसली. मी तिला एक तुकडा दिला. "पोट भरलंय गं," म्हणाली आणि खाल्ला.

समोरून पाणी हळूहळू जात होतं. हे पाणी आमच्या घाटाला लागूनच आलेलं होतं. साताऱ्यात मी ते पुढं जाताना बघते, इथं ते तिकडून आलेलं बघते. मधलं तेवढं मला दिसत नाही. दोन्ही भाकऱ्या संपवल्या. आईच्या वेळी दोनच घास खायची, बाकीचं घरी न्यायची. आता काही ठेवलं नाही.

मग उठले. नदीच्या वरच्या अंगाला तोंड केलं. तिकडं पुलाचे दिवे होते, त्याच्या पुढं काळोख. फडक्याची दोन टोकं धरली आणि डोक्याच्या वर नेलं. खांदा दुखला. या वेळी खरंच दुखला.

"आज्जी, कुणाला हात करतीयस?"

"कुणाला न्हाई गं. खरकटं झटकतीया."

खरकटं पहिल्याच झटक्यात पडलं. पुढचे दोन सावकाश दिले.