कसब्याची जागा

ठरल्या दिवशी बाजार भरतो ते गाव कसबा, बाकीची नुसती मौजे. गावाची प्रतिष्ठा अशी बाजार मांडणाऱ्यांवर उभी असते. बोईसरच्या आठवडी बाजारात सुकट विकणाऱ्या बाईंना मी हे सांगितलं. मापून झाल्यावर त्या न बोलता एक मूठ वर टाकत. त्या दिवशी त्यांच्या नेहमीच्या जागेवर एकजण मोबाइलची कव्हरं मांडून बसला होता.

"म्हंजे आमी बसतो म्हणून हा कसबा?"

"हो."

बाई त्याच्याकडे वळल्या. "ऐकलास ना भाऊ? ऊठ. मी नाय बसले तं गावाची इज्जत जाल."

"मैं भी तो बैठा हूँ, मौसी."

व्याख्येप्रमाणे त्याचंही बरोबर होतं. बाईंनी टोपली गटाराच्या कडेला मांडली. तिथे सुकटीचा वास कोणालाच येत नाही.