मालकांचं गुलाबी धोतर

सोलापुरातला चादरीचा कारखानदार म्हटल्यावर तुम्ही त्याला लगेच कडक इस्त्रीचं पांढरं धोतर नेसवलं असणार. सोडा ते. आमच्या मालकांचं धोतर गुलाबी होतं. कधी एका टोकाला निळं, कधी मधेच हिरवं. भवानी पेठेत लोक विचारायचे, "मालक, बारा महिने रंगपंचमी व्हय?" मालक म्हणायचे, "व्हय की. तुमी पण या."

कारण असं, की सूत रंगून आलं की त्यातली एक लडी मालक गरम पाण्यात भिजत घालायचे, आणि तिच्यासोबत स्वतःचं धुतलेलं धोतर. धोतराला रंग लागला, तर सूत परत रंगवायला. मग माग रिकामे राहोत, नाहीतर व्यापारी दारात बसो. मी एकदा म्हटलं, "मालक, एखादी चिंधी टाकू की." म्हणाले, "चिंधी खराब झाली तर कुणाला वाईट वाटतंय? धोतर आपलं पायजे. गिऱ्हाइकाची गादी पण त्याचीच असती."

अकलूजचा व्यापारी आमचा गठ्ठा उघडून बघायचाच नाही. "त्यांच्या धोतरानं बघितलंय," म्हणायचा. विणकरांनाही तीच खोड लागली होती. धागा तुटला की आपणहून माग थांबवायचे, बघायला कुणी नसलं तरी.

मी मोडनिंबचा, गठ्ठे बांधायला होतो. रिकामा वेळ मिळाला की सगळ्यांचे आवाज काढायचो. एकदा मालकांचा काढला आणि मागं मालकच उभे. म्हणाले, "नाक कमी पडतंय. माझा आवाज नाकातनं येतो की."

पंच्याहत्तर-शहात्तरच्या उन्हाळ्यात पोटाच्या दुखण्यानं मालक गेले. दवाखान्यात नेलं तेव्हाही धोतर गुलाबीच. नर्सबाईंना रक्त वाटलं. मालक हसले. ते शेवटचं हसणं. स्मशानात नेताना मात्र अंगावर कोरं पांढरं होतं. ओळखूच येईनात.

तेरावं झालं आणि लाल सूत आलं. लग्नसराईची मागणी, माग सगळे सुतावाचून बंद. त्यांचा मुलगा, धाकटे मालक, म्हणाले, "आजच्या दिवस भिजवायचं राहू दे. चढवा." कुणी हललं नाही. शेवटी एका म्हाताऱ्या विणकरानं सूत उचललं. मी खांबामागं होतो. माझ्या तोंडून मालक बोलले, अगदी नाकातून, "अगं ए, धोतर आण की माझं."

म्हाताऱ्यानं सूत खाली ठेवलं. धाकटे मालक दाराकडं वळले. कारखान्याला लागूनच घर. तिथून आक्का, मालकांच्या मंडळी, लगबगीनं आल्या. हातात घडीचं धोतर. दारात थांबल्या. माझ्याकडे बघितलं.

त्यांनी गरम पाण्याचं घंगाळ मागवलं. लडी टाकली, धोतर टाकलं. संध्याकाळी वर काढलं तर लालभडक. सूत परत पाठवायला धाकट्या मालकांनी स्वतः उचललं.

मग आक्कांनी मला बोलावलं.

"परत त्यांचा आवाज काढलास तर जीभ हासडून ठेवीन. दारापर्यंत येईतो मला ते हाईत असंच वाटलं रे."

मी मान खाली घातली.

"आणि ते शेवटचं धोतर होतं घरात. आवाज त्यांचा, धोतर पण त्यांचंच. मग तुझं काय? उद्या येताना तुझा पांढरा सदरा घेऊन ये."