साहेबाच्या पाण्यावरचा तवंग

तहसीलदार साहेबांनी आपले सोनेरी मासे सांभाळायला माझ्या घरी ठेवले, त्यात माझी हुशारी काही नव्हती. आमच्या घरी मासे खात नाहीत, एवढंच कारण. साहेबांनी म्हणे कचेरीतल्या एकेकाच्या डोळ्यांत डोकावून पाहिलं आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत त्यांना तापलेली कढई दिसली. माझ्या डोळ्यांत नुसतं वरण दिसलं.

साहेब मुलीच्या लग्नासाठी हैदराबादला निघाले होते. टांग्यात पाय ठेवता ठेवता मला म्हणाले, "मियाँ, पानी आईने के माफिक रहना. एक भी मछली कम हुई तो सूरत मत दिखाना. और सब बराबर रहा तो आते ही तुमको मुस्तकिल करता."

मी तेव्हा उमेदवार होतो. उमेदवार म्हणजे सगळ्यांच्या आधी येणारा, सगळ्यांच्या मागून जाणारा आणि पगाराच्या वेळी कुणालाच न दिसणारा माणूस. मुस्तकिल झालो, म्हणजे नोकरीवर कायम झालो, तर पोटाची सोय होती आणि पाठोपाठ कुणीतरी आपली मुलगीही दिली असती. न झालो तर राजूरकडं आमचं बरड रान होतं. त्या रानात कुसळसुद्धा उगवायच्या आधी दोनदा विचार करायचं.

काचेची ती पेटी जुन्या जालन्यातल्या आमच्या बोळात शिरली तेव्हा दोन्हीकडच्या भिंतींनी पोटं आत ओढून घेतली. हमालांनी ती ओसरीवर टेकवली आणि ओसरी वीतभर खाली गेली. अजून तशीच आहे, येऊन बघा. आत जिलबीच्या रंगाचे मासे, शेपट्या शालूच्या पदरासारख्या. बघायला अशी गर्दी लोटली की बदनापूरला उतरायचे लोक तिकीट वाढवून जालन्यापर्यंत यायला लागले.

घरात मी आणि माझी आत्या. आईवडलांच्या मागं तिनंच मला वाढवलं. तिच्या दारातून उपाशी कुणी गेलेलं नाही. एकदा चोर आल्ता, तोही जेवून गेला, आणि जाताना भाकरी जरा जाड झाली असं बोलून गेला.

सुरुवातीला पाणी खरंच आरशासारखं राहिलं. मग एका सकाळी पाहतो तर वर तवंग. पातळ, चिकट, मोराच्या मानेचे रंग घेऊन पसरलेला. बोट लावलं की तुटायचा, बोट काढलं की पुन्हा जुळायचा. दिवसागणिक तो दाट होत गेला. शेजारचं मांजर काठावर बसून, यावरून चालत पलीकडं जाता येईल का, याचा अंदाज घेऊन राह्यलं होतं. आणि मासे वर यायला लागले. वर येऊन तोंडं उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची. त्या पडद्याखाली त्यांचा जीव घुसमटत होता, आणि त्यांच्यापेक्षा जास्त माझा.

मी पळी घेतली. पळी बुडवली की तवंग शहाण्यासारखा बाजूला सरायचा आणि पळीत चांगलं पाणी यायचं. मग वाटी काठापर्यंत बुडवून धरली. तवंग हळूहळू आत घसरायला लागला, मला हुरूप आला, आणि तेवढ्यात एक मासाही आत घसरला. त्याला परत सोडायला वाटी कलती केली, तर वाटीतला सगळा तवंग त्याच्या मागोमाग परत गेला. सगळं पाणीच बदलावं म्हटलं, तर आमच्या आडाचं पाणी इतकं खारं की त्यात वरण शिजवताना मीठ काढून घ्यावं लागायचं.

कचेरीत पेशकार, म्हणजे आमचे हेडकारकून, रोज विचारायचे, "काय उमेदवार, मासे काय म्हणून राह्यले?"

"बरे हायती."

"मंग तुमचंच तोंड का पाण्याबाहेर काढल्यावानी दिसतंय? लपवू नका. मेलेबिले तर सांगा, आमच्याकडं मसाला वाटून तयार हाये."

हे ऐकताना माझी नजर त्यांच्या टेबलावरच्या टीपकागदावर गेली. शाई ओढतो तो तवंग का ओढणार नाही? एक ताव कोटात घालून घरी आणला, पाण्यावर अलगद पसरला आणि एका कडेनं ओढून घेतला. तवंग कागदाला चिकटून आला. खाली पाणी असं उघडं पडलं की मला माझंच तोंड दिसलं. मी त्या तोंडाला नमस्कार केला.

दुसऱ्या सकाळी तवंग हजर.

मग मी कचेरीत टीपकागद म्हणून ठेवला नाही. त्या दिवसांत तालुक्यात जेवढे हुकूम निघाले तेवढे ओल्या शाईचे निघाले. एका गावच्या पाटलाला तर वाचता वाचता त्याचं नावच बोटाला लागलं, आणि आता पाटील मी की माझं बोट, हे विचारायला तो कचेरीत आल्ता.

तवंग येतो कुठून? कापसाच्या जिनिंग कारखान्याकडून वारा यायचा, मी खिडक्या बंद केल्या. चुलीचा संशय घेतला, देवाजवळच्या समईचा घेतला, ती माजघरात नेऊन ठेवली. आत्या म्हणाली, "मला बी बाहेर काढ लेका. मी बी तेलकटच हाये."

मी हसलो नाही. त्या दिवशी एक मासा कुशीवर कलला होता. सगळ्यांत मोठा, साहेबांचा लाडका. कल्ले हलत होते, पण कधी हलतील आणि कधी राहतील याचा भरवसा नव्हता. आणि कचेरीत तार आल्ती की साहेब आठवड्यात परत येणार. पेटीच्या काचेला कपाळ टेकून मी बसून राहिलो. आत मासा, बाहेर मी, दोघंही तोंड उघडून.

दुसऱ्या दिवशी पेशकारांनी टीपकागदाच्या कपाटाला कुलूप घातलं. मग कचेरीत बसून तरी काय करायचं? भर दुपारी घरी आलो. आत्या पेटीजवळ बसली होती. ताटलीत भाकरीचा चुरा, त्यावर ती बुधलीतून करडईच्या तेलाची धार सोडत होती. मग चिमटीनं एकेक घास पाण्यात, लेकराला भरवावा तसा.

"आत्या, काय करून राह्यलीस?"

"दिसत न्हाई का? पाहुण्यायला जेवू घालून राह्यले."

"तेल कशाला?"

"मंग कोरडं घालू? मोठ्या घरची लेकरं हायती. तिकडं तूप खात असतील. पाहुण्यापुढं कोरडी भाकर ठेवली म्हंजे ऊठ अन् चालता हो म्हणल्यावानी हाये. तू घालतूस ते पीठ तर बिलकुल कोरडं. एकदा तरी इचारलंस त्यायला, पोट भरलं का?"

"अगं, तेलानंच मरून राह्यलेत ते."

"तेलानं कोन मेलंय? तू तेलावरच वाढलास."

मी तिचे पाय धरले. माझी नोकरी, माझं लग्न, बरड रान, सगळं त्या पायांवर ओतलं. तिनं ऐकून घेतलं आणि बुधलीला बूच लावलं. "बरं. या घरात पाहुण्यानं कोरडं खायचं असंल, तर मी बी कोरडंच खाते."

आणि खाल्लं. माझ्या चटणीवर धार पडायची, तिच्या चटणीवर नाही. कोरडा तिखट घास तिच्या घशात अडकायचा, ती खोकायची, पाणी प्यायची, पुन्हा घास घ्यायची. माझ्याकडं बघायचीही नाही. मला ते तेल गिळवेना. इकडं मी किराण्याच्या पुड्यांचे कागद पसरून उरलासुरला तवंग ओढून काढला, आणि तो परत आला नाही. कललेला मासा सरळ झाला. पाणी आरसा झालं. आणि घरात दोन माणसं एकमेकांचं तोंड चुकवत जेवत होती.

साहेब स्टेशनवरून थेट आमच्याकडं आले. पेटीपुढं उभे राहिले, मासे मोजले, पाण्यात मिशा पाहून घेतल्या. "वाह, आईना." माझी छाती बोळापलीकडं गेली.

"दोन घास खाऊन जावा साहेब," आत्या म्हणाली.

आणि तिनं पान वाढलं. भाकर, लाल चटणी, कांदा. तेलाचा थेंब नाही. मी डोळ्यांनी खुणावलं, भुवयांनी खुणावलं, शेवटी खांबाला डोकं आपटून खुणावलं. ती आढ्याकडं बघत होती. लग्नातली बिर्याणी अजून साहेबांच्या ओठावर होती. त्यांनी घास घेतला. चावला. डोळ्यांत पाणी आलं. मला त्या पाण्यात आमचं बरड रान दिसलं.

तांब्याभर पाणी पिऊन साहेब म्हणाले, "अम्मा, थोडा तेल?"

"पाहुण्यायला तेल बंद हाये या घरात. तुमच्या माशायला सोसत न्हाई म्हणून ह्यानं बंद केलं. मी बी खात न्हाई."

साहेबांनी पेटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग बराच वेळ तिच्याकडं.

"अम्मा, मछली पानी में रहती. मैं तो नहीं रहता."

आत्या उठली. बुधली आणली आणि अशी धार धरली की चटणी तरंगायला लागली आणि भाकरीची नाव झाली. वर तवंग आला, तोच, मोराच्या मानेचा. माझा हात आपोआप कागद शोधायला लागला. साहेबांनी पान चाटून पुसून संपवलं. हात धुताना म्हणाले, "कल से तुम मुस्तकिल. पेशकार स्टेशन पे मिला था. पूछता था, मछली टीपकागद भी खाती क्या."

हमाल पेटी घेऊन गेले. ओसरीवर चौकोनी ओल राहिली. आत्यानं आपलं ताट घेतलं, भाकर मोडली आणि बुधली उपडी केली. एक थेंब आला, दुसरा आलाच नाही.

"समदं संपवलं की," ती म्हणाली. "चांगला हाये तुझा साहेब."

मी बुधली तिच्या हातातून घेतली आणि चप्पल न घालता तेल्याच्या घाण्याकडं पळालो.